‘अजून शिकतेय’ म्हणणं आधी थांबव

ताई, सप्रेम नमस्कार.
माझं वय ३१. क्वांटम मेनी-बॉडी थिअरीत, म्हणजे एकमेकांवर परिणाम करणाऱ्या अनेक कणांच्या क्वांटम गणितात, पीएचडीचा प्रबंध सादर केलाय, व्हायव्हा, म्हणजे त्याची तोंडी परीक्षा, पुढच्या महिन्यात आहे. ड्रेस्डेनच्या मॅक्स प्लँक संस्थेतून दोन वर्षांच्या पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेची, ऑफर आली आहे. उत्तराला दोन आठवडे दिलेत, त्यातले पाच दिवस गेले. पुण्यातच एका संस्थेत प्रोजेक्टवर एका वर्षाची जागा मिळू शकते आणि नवऱ्याच्या ओळखीतून एका कंपनीत डेटा सायन्सची नोकरीही. नवरा हिंजवडीत आहे. तो म्हणतो, ‘तू ठरव.’ साताऱ्याला बाबांची गेल्या वर्षी बायपास झाली, धाकटा भाऊ बंगळुरूला असतो. सासूबाई वाईट नाहीत, पण परवा हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना म्हणाल्या, ‘आमची सून अजून शिकतेच आहे.’ हसावं की रडावं कळेना. गाईड म्हणतात, ड्रेस्डेन नाकारलंस तर अशी संधी पुन्हा येणार नाही. मुलाचं काय, हे तर मी विचारतच नाहीये. जाऊ की नको?
— ना इकडची ना तिकडची, पुणे

प्रिय ‘ना इकडची’,

तुला ‘तू’च म्हणते. माझ्या हाताखालून गेलेल्या मुली आता तुझ्या वयाच्या आहेत.

सासूबाईंवर रागावू नकोस. तो शब्द त्यांना घरातूनच मिळालाय. लग्न ठरताना कुणीतरी विचारलं असणार, मुलगी काय करते? तुझ्या आईने सांगितलं असणार, ‘पीएचडी करतेय.’ आता तू सांगतेस, ‘पोस्टडॉक करणार.’ ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की डॉक्टरेटनंतरही एक इयत्ता असते. आणि खरं सांगू, तुझ्या पत्रातही तो सूर आहेच. कंपनीचं पॅकेज तू आकड्यात लिहिलं होतंस, ते मी वर गाळलंय. ड्रेस्डेनचा पगार किती, करार कसला, रोज काम कुणाबरोबर, यातलं एक अक्षर नाही. म्हणजे तुझ्या मनात कंपनीची ती नोकरी आणि ड्रेस्डेनचं ते ॲडमिशन. ॲडमिशन मिळाल्यावर कुणी प्रश्न विचारत नाही, पेढे वाटतात.

पोस्टडॉक ही नोकरी आहे. मुदतीची आहे, तिचा शेवट ठरलेला आहे, पुढे काय याची हमी नाही, पण नोकरीच. ती देणाऱ्याला तुझ्याकडून काम हवंय: तुझं गणित, तुझे कोड, तुझं डोकं. तेव्हा नोकरीला विचारतात ते प्रश्न विचार. बाकी सगळं त्यातून सुटत जाईल. निदान गुंता कुठे आहे ते तरी दिसेल.

हे शहाणपण मला चार वर्षं उशिरा आलं. माझ्या पहिल्या पोस्टडॉकची मेल आली तेव्हा मी होस्टेलच्या मेसमध्ये जेवत होते. नाव वाचलं आणि ताट तिथेच ठेवून पळत सुटले. आमच्या विषयात ज्यांचं नाव एका समीकरणाला चिकटलेलं आहे अशा माणसाकडे मला जागा मिळाली होती. दोन वर्षांत त्यांच्याशी विज्ञानावर माझं बोलणं अकरा वेळा झालं. नेमका आकडा सांगू शकते, कारण वहीत तारीख टाकायची मला सवय आहे. गृहस्थ वाईट नव्हते, फक्त सतत विमानात असायचे. ग्रुपमध्ये बारा-तेरा जण, प्रत्येकजण आपापल्या स्क्रीनकडे तोंड करून. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

दुसरी जागा मिळाली ती नकाशात शोधावी लागेल अशा गावात. तिथे चार वाजता सगळे कॉफीला जमायचे आणि टेबलाच्या मागे फळा होता. मी तेव्हा स्पिनच्या, म्हणजे वर किंवा खाली रोख असलेल्या इवल्याशा चुंबकांच्या, एका साखळीच्या ऊर्जापातळ्यांवर काम करत होते. कॉम्प्युटरवर बऱ्याच मोठ्या साखळ्या सोडवल्या होत्या आणि पातळ्या एकमेकींना टाळत नव्हत्या. गोंधळलेल्या, म्हणजे केऑटिक, सिस्टिममध्ये शेजारच्या पातळ्या एकमेकींपासून अंतर राखून असतात हे तुला ठाऊक आहेच. माझ्या खुशाल एकमेकींना खेटून बसल्या होत्या. मला वाटलं, घबाड हाती लागलं: ही साखळी थर्मलाइज होत नाही, म्हणजे आपणहून उष्णतेच्या समतोलाला पोचत नाही! महिनाभर मी हवेत. पेपरचा मथळासुद्धा ठरवून ठेवला होता. एका दुपारी शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्या प्राध्यापकाने कॉफी ढवळत विचारलं, ‘चार स्पिन घेऊन हाताने केलंस का?’ केलं नव्हतं. फळ्यावर मांडलं. चार स्पिन, त्यातले दोन वर दोन खाली, म्हणजे अवस्था सहा. सहा बाय सहाचं मॅट्रिक्स. पाच मिनिटांत ते डोळ्यांदेखत दोन तुकड्यांत फुटलं, कारण साखळी आरशात धरली तरी तशीच दिसत होती. ती सममिती मी कोडमध्ये वेगळी काढायलाच विसरले होते. दोन वेगळ्या घरांतल्या पातळ्या एकत्र कालवून मी म्हणत होते, बघा, या भांडत नाहीत. भांडतील कशाला? ओळखच नाही एकमेकींची.

तो पेपर गेला असता तर माझी चांगलीच शोभा झाली असती. त्या दुपारसाठी मी आजही त्या गावाची ऋणी आहे.

म्हणून ड्रेस्डेनबद्दल माझा पहिला प्रश्न हा: तिथे चार वाजता तुझ्या फळ्याशी कोण उभं राहणार? संस्था उत्तम आहे, त्यात वाद नाही. पूर्व आणि पश्चिम जर्मनी एक झाल्यावर १९९० च्या दशकात ती ड्रेस्डेनला उभी राहिली, पीटर फुल्डे हे तिचे संस्थापक संचालक. वर्षभर तिथे कार्यशाळा चालू असतात, पाहुण्यांसाठी आवारातच गेस्ट हाऊस आहेत. आपल्या विषयातलं कोण ना कोण तिथून दोन-चार आठवडे राहून जातं. बंगळुरूच्या आयसीटीएस या सैद्धांतिक विज्ञानाच्या केंद्राचा कारभार पाहिला असशील तर अंदाज येईल. अशा ठिकाणी ओळखी आपोआप होतात, आणि आपल्या धंद्यात ओळख म्हणजे वशिला नसतो. तुझा पेपर वाचताना ज्याला तुझा आवाज ऐकू येतो तो माणूस म्हणजे ओळख.

पण पाहुण्यांची वर्दळ म्हणजे सोबत नव्हे. तुझी जागा कुणा एकाच्या ग्रुपमध्ये आहे की स्वतंत्र, ते ऑफरच्या पत्रात बघ. दोन्हीत फरक मोठा आहे. ग्रुपमध्ये असशील तर प्रश्न आयता मिळतो आणि मालकीही वाटली जाते. स्वतंत्र असशील तर सकाळी उठून काय करायचं हे तुलाच ठरवायचंय. ज्यांचा प्रबंध गाईडच्या बोटाला धरून झाला त्यांना हे पहिल्या हिवाळ्यात जड जातं. तुझा कसा झाला ते तुलाच माहीत. ग्रुप असेल तर आधीच्या तीन पोस्टडॉकची नावं काढ. त्यांच्या पेपरवर सापडतील. ते आज कुठे आहेत बघ आणि त्यातल्या एकाला तरी फोन कर. मेल नको, फोन. मेलमध्ये सगळे गोड लिहितात. फोनवर ‘ते भेटतात का गं?’ असं विचारल्यावर पलीकडे किती वेळ शांतता असते, त्यात उत्तर असतं.

आता पैसे आणि करार. पत्रात दोनपैकी एक शब्द असेल: करार किंवा शिष्यवृत्ती. कानाला शिष्यवृत्ती मानाची वाटते. भुलू नकोस. करार म्हणजे तू कर्मचारी: आरोग्य विमा, पेन्शन, बेकारी विमा सगळं पगारातून कापलं जातं आणि म्हणूनच तुझ्या नावावर जमा होतं. सरकारी श्रेणीप्रमाणे कर-विमा वजा जाता हातात महिना साधारण तीन हजार युरो पडतात. ड्रेस्डेनमध्ये एकटीला पुरून उरतील, म्युनिकमध्ये नसते उरले. शिष्यवृत्तीवर यातलं काही कापलं जात नाही, आणि हक्कही तयार होत नाहीत.

इथेच तुझ्या त्या न विचारलेल्या प्रश्नाकडे येते. तो तू शेवटून दुसऱ्या वाक्यात लपवलास, म्हणजे तोच सगळ्यात मोठा आहे. जर्मनीत करारावरच्या बाईला बाळंतपणाआधी सहा आठवडे आणि नंतर आठ आठवडे पगारी संरक्षण असतं. नंतर पालकांसाठीचा भत्ता असतो, तो आई-बाबांनी वाटून घ्यायचा. विद्यापीठं आणि संशोधन संस्थांतल्या मुदतीच्या नोकऱ्यांसाठी त्यांचा वेगळा कायदा आहे: डॉक्टरेटनंतर अशा करारांवर जास्तीत जास्त सहा वर्षं, आणि मूल असेल तर दर मुलामागे आणखी दोन वर्षांची सवलत. पण यात मेख आहे. तुझ्या त्या ठरावीक कराराची मुदत रजेइतकी पुढे सरकते की नाही, हे तुझा पगार कशातून निघतो यावर ठरतं. संस्थेच्या स्वतःच्या पैशातून असेल तर एक न्याय, बाहेरून आलेल्या प्रोजेक्टच्या पैशातून असेल तर दुसरा. म्हणून विचार. ‘मला मूल हवंय’ असं कुणाला कळवायची गरज नाही. ‘करार आहे की शिष्यवृत्ती, आणि पैसा कोणत्या खात्यातून?’ एवढं विचारलंस की पुरे. हा प्रश्न तिथे बिनलग्नाचे पुरुषही विचारतात.

मूल कधी, हे मी सांगणार नाही. एवढंच बघितलंय की ‘कायमची नोकरी लागली की मग’ असं म्हणणाऱ्यांची नोकरी कधी लागेल ते कुणाला ठाऊक नसतं. आमच्या पिढीत दोघीतिघींनी तसं म्हटलं होतं.

‘पुन्हा संधी येणार नाही’ हे गाईडचं म्हणणं मला पटत नाही. ते तुझ्या भल्यासाठीच बोलताहेत, पण त्यांच्या वेळचा बाजार वेगळा होता. आपल्या धंद्यात हा हंगामी मामला आहे, आंब्यासारखा. सप्टेंबर-ऑक्टोबरला जाहिराती, तीन शिफारसपत्रं, दोन-तीन पानांचा संशोधन आराखडा. डिसेंबर ते फेब्रुवारी ऑफर. आणि पुढच्या पावसाळ्यानंतर रुजू. कणभौतिकीतल्या थिअरीवाल्यांनी आपसात एक तारीख पाळायची ठरवलीय. त्याआधी कुणाला उत्तराची सक्ती करायची नाही. आपल्या कंडेन्स्ड मॅटरमध्ये, म्हणजे घन-द्रव पदार्थांच्या भौतिकीत, तशी सर्वांना बांधणारी तारीख नाही, म्हणून प्रत्येक संस्था आपलं घोडं पुढे दामटते. दोन आठवड्यांची मुदत हा त्यातलाच प्रकार. आणखी आठ-दहा दिवस मागितलेस तर ऑफर कुणी काढून घेत नाही. फार तर नाही म्हणतील.

हंगाम दरवर्षी येतो. तरी त्यात एक खरी अडचण आहे: घड्याळ पीएचडीच्या तारखेपासून चालू होतं. युरोपच्या मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी फेलोशिपला डॉक्टरेटनंतर आठ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि ज्या देशात जायचंय तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. म्हणजे ड्रेस्डेनला दोन वर्षं काढलीस की त्या फेलोशिपवर लगेच जर्मनीतच राहता येणार नाही. फ्रान्स, ऑस्ट्रिया चालेल. इकडे परतायचं तर रामानुजन फेलोशिप आहे. परदेशात काम करणाऱ्या, चाळिशीच्या आतल्या भारतीयांसाठी पाच वर्षांची ती योजना आहे. नियम बदलतात, त्या वर्षीची जाहिरात वाचायची.

पुण्याची प्रोजेक्टवरची जागा? स्पष्ट लिहिते. एक वर्षाची जागा म्हणजे सहा महिने काम आणि सहा महिने पुढचे अर्ज. अशा जागेवरच्या संशोधकाला, म्हणजे रिसर्च असोसिएटला, २०२३ पासून महिना ५८ ते ६७ हजार आणि घरभाडं मिळतं, तेही कधीकधी तीन-चार महिन्यांचं एकदम, प्रोजेक्टचा पैसा दिल्लीहून येईल तेव्हा. मी ही जागा वाईट म्हणत नाही. बाबांची तब्येत आज नाजूक असती तर मी हीच घे म्हटलं असतं. पण ‘घराजवळ आहे’ हे कारण आणि ‘तिथल्या अमुक माणसाबरोबर मला काम करायचंय’ हे कारण, यातलं दुसरं तुझ्या पत्रात नाही. सध्या ‘क्वांटम’ शब्दाला भाव आहे, हेही लक्षात ठेव. एप्रिल २०२३ मध्ये ६००३ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर झालं. आयआयटी मुंबईकडे त्यातलं सेन्सिंगचं, म्हणजे अचूक मोजमापाचं, केंद्र आहे. पैसा येतोय ही चांगली गोष्ट, पण तो मुख्यतः उपकरणांकडे जातो. फळ्यावर काम करणाऱ्यांनी जाहिरातीतला ‘क्वांटम’ शब्द बघून हुरळू नये, खालचा मजकूर वाचावा.

कंपनीबद्दल मी फार बोलणार नाही. आमच्यातला सगळ्यात हुशार मुलगा एका बँकेच्या जोखीम विभागात गेला. आता दर दिवाळीला भेटतो, त्याला माझ्यापेक्षा जास्त भौतिकी आठवते. ते दार उघडं राहतं. दोन वर्षांनी ते आजच्याहून अरुंद झालेलं नसेल, कारण तोवर मोठ्या मशीनवर कोड पळवणं तुझ्या हाताला बसलेलं असेल. तिकडून इकडे परत येणं मात्र फार थोड्यांना जमतं.

आता सासूबाई. त्यांना खरंच सांग ना तू काय करतेस. तुला वाटेल अवघड आहे. मी एकदा माझ्या आत्याला सांगितलं होतं, कांदे निवडता निवडता, स्पिनच्या जागी मुली धरून. म्हटलं, समज मंगळागौरीला मुली एका रांगेत उभ्या आहेत. प्रत्येकीला शेजारणीच्या उलट तोंड करायचंय, आणि शेजारणीच्या पलीकडचीच्याही उलट. दोन्ही एकदम जमणारच नाही. तिघीत दोघी तरी एकीकडे तोंड करणार. रांगेत मुली पन्नास असतील तर एकूण किती तऱ्हांनी त्या उभ्या राहू शकतात? दोनचा पन्नासावा घात: अकराशे लाख कोटींहून जास्त. आणि क्वांटममध्ये ही सगळी रांगांची चित्रं एकाच वेळी हिशेबात धरावी लागतात. सगळं नुसतं लिहून ठेवायचं तर जगातले मोठमोठे कॉम्प्युटर घाम गाळतील. पण पलीकडचीची ओढ शेजारणीच्या ओढीच्या बरोबर निम्मी केली, तर चमत्कार होतो. मुली वाद सोडून दोघी-दोघी फुगडीला उभ्या राहतात, आणि सगळा हिशेब एका ओळीत सुटतो. आत्या म्हणाली, ‘मग हे कुणाला सुचलं?’ म्हटलं, चंचल कुमार मजुमदार आणि दीपन घोष, १९६९ साली, आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टीआयएफआर या टाटांच्या संशोधन संस्थेत. आत्याला कुलाबा माहीत होता. तिने कांदा खाली ठेवला.

फुगडीच्या जोड्या दोन तऱ्हांनी लागतात: पहिली-दुसरी, तिसरी-चौथी अशा, किंवा दुसरी-तिसरी, चौथी-पाचवी अशा. रांगेच्या एका भागात एक तऱ्हा आणि दुसऱ्या भागात दुसरी असेल तर मध्ये एक मुलगी बिनजोडीची उरते. ना इकडची ना तिकडची. १९८१ साली श्रीराम शास्त्री आणि बिल सदरलँड यांनी या उरलेल्या मुलीचाच हिशेब मांडला. ती एका जागी रडत बसत नाही, एकेक घर सोडून रांगभर फिरते. हे तुला मी शिकवायला नको. तू टोपणनाव निवडलंस तेव्हाच मला हसू आलं होतं. फक्त एक राहिलं. अशी एकटी कधी एकटी जन्मत नाही. जोडी फुटली की दोघी सुट्या होतात. तुझ्या गोष्टीतला दुसरा हिंजवडीत आहे आणि म्हणतोय, ‘तू ठरव.’

दोघांना एका गावात नोकरी मिळत नाही, त्यावरचा ‘टू-बॉडी प्रॉब्लेम’चा विनोद तू आतापर्यंत शंभरदा ऐकला असशील, तो करत नाही. ‘तू ठरव’ हे वाक्य मात्र मला खटकलं. ऐकायला मोठ्या मनाचं वाटतं, पण त्याने सगळं ओझं तुझ्या पदरात टाकलं. उद्या तिकडे तुझं मन रमलं नाही तरी तूच ठरवलं होतंस, आणि इथे राहून कुढलीस तरी तूच. त्याला समोर बसव आणि विचार, त्याचं काय? तो येणार का? संशोधकाच्या जोडीदाराला तिथे नोकरी करायची मुभा असते. मिळेल का हा वेगळा भाग, कारण ड्रेस्डेनमधल्या कितीतरी कंपन्यांत जर्मनवाचून अडतं. की तो इथेच राहून वर्षातून दोनदा येणार? तिकिटाचे पैसे कुणाचे? कंपनी त्याला घरून काम करू देईल का, आणि परदेशात बसून करू देईल का? याची उत्तरं ‘बघू’ अशी आली तरी ती कागदावर लिहा. दोघांच्या अक्षरात.

बाबांचं. बायपासला वर्ष झालं, ते आता चालत-फिरत असतील असं धरते. उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. साताऱ्यात रात्री नऊला ते गोळ्या घेतात तेव्हा तुझ्याकडे दुपारचे साडेचार-साडेपाच वाजलेले असतील. रोज बोलता येईल अशी ती वेळ आहे. ड्रेस्डेनहून मुंबईला सरळ विमान नाही. फ्रँकफर्ट किंवा म्युनिकला बदलून, पुढे साताऱ्यापर्यंत, दार ते दार एक दिवस धर. एका तातडीच्या तिकिटाचे पैसे पहिल्या पगारातून बाजूला काढ आणि त्यांना हात लावू नकोस. आणि भावाशी आजच बोल. बंगळुरू-सातारा ही बसने एका रात्रीची वाट आहे. मुलगी परदेशी जाते तेव्हाच सगळ्यांना आई-बापांची काळजी आठवते, मुलगा बंगळुरूला असला तर कुणी त्याला विचारत नाही.

शहराबद्दल थोडं. एल्बेकाठचं सुंदर गाव, ट्रामने कुठेही जाता येतं, प्राग ट्रेनने अडीच तासांवर. डिसेंबरात सूर्य आठनंतर उगवतो आणि चारला मावळतो. हे वाचायला सोपं आहे, जगायला नाही. पहिल्याच हिवाळ्यात एक चांगला दिवा विकत घे आणि संध्याकाळी कशात तरी नाव घाल, गाणं, पोहणं, काहीही. स्थलांतरितांविरुद्धचे पेगिडाचे सोमवारचे मोर्चे २०१४ साली याच शहरात सुरू झाले, हेही माहीत असू दे. संस्थेच्या आवारात त्याचा वास येणार नाही, पण ट्राममध्ये एखादी नजर भेटेल. तिथे आधी राहिलेल्या भारतीय मुलींना हेही फोनवर विचार, त्या नेमकं सांगतील कोणत्या भागात घर घ्यावं.

माझं मत विचारलंयस म्हणून सांगते: जा. ‘नाकारलं तर पुन्हा मिळणार नाही’ या भीतीने जाऊ नकोस. फोनवर ती शांतता लांबली नाही, आणि करार करारच निघाला, तर जा. दोन्हीपैकी एक बिनसलं तर पुण्यात राहून पुढच्या सप्टेंबरला पुन्हा अर्ज कर, मी शिफारसपत्र सोडून हवी ती मदत करेन. आणि जाण्याआधी थांबण्याची तारीखही ठरव. मी दोन पोस्टडॉक, मिळून पाच वर्षं, अशी रेघ मारली होती. साडेचारव्या वर्षी इथली नोकरी लागली. नसती लागली तर मी त्या तारखेला थांबले असते की नाही, देव जाणे. पण रेघ होती म्हणून पाचव्या वर्षी मी रात्री झोपू शकत होते. तुझी रेघ तुझ्या घराच्या हिशेबाने मार. सासूबाईंनाही ती तारीख सांग. ‘अजून किती’ या प्रश्नाला पहिल्यांदाच उत्तर मिळाल्याचं त्यांना समाधान वाटेल. वर सांग की पगार तीन हजार युरो आहे. पुढच्या हळदीकुंकवाला वाक्य बदललेलं असेल.

मेल आज संध्याकाळीच पाठव. पहिल्या ओळीत आभार आणि आनंद, खरा असेल तेवढाच. मग चार गोष्टी: उत्तराला आणखी दहा दिवस, करार की शिष्यवृत्ती आणि पैसा कोणत्या खात्यातला, दुसऱ्या वर्षानंतर मुदत वाढण्याची पद्धत आहे का, आणि रुजू होण्याची तारीख ऑक्टोबरऐवजी नोव्हेंबर चालेल का, म्हणजे दसरा घरी होईल. माफी कशाचीही मागू नकोस, ‘त्रास देते’ वगैरे लिहू नकोस. व्हायव्हाच्या आदल्या दिवशी त्यांचं उत्तर वाचू नकोस, तेवढं मात्र सांभाळ.

— ताई